आठवी नळी

सरूबाईंना मी बरीच वर्षं फक्त नळ्या धुणाऱ्या बाई समजत होते, याची आता लाज वाटते. त्या करमाड गावाहून रोज शेअर रिक्षानं यायच्या आणि छावणीजवळच्या आमच्या कॉलेजात, माझ्या प्रयोगशाळेत, पदर खोचून कामाला लागायच्या. शाळा सहावीपर्यंत. पण माझा प्रयोग सुरू झाला तो त्यांच्याच एका वाक्यानं.

"आमच्या उकिरड्यात हात घातला तर भाजतंय मॅडम," त्या सहज म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी मी थर्मामीटर घेऊन करमाडला. आत पंचावन्न अंश! त्या शेणकचऱ्यात मजेत राहणारे जिवाणू मी उचलून आणले. यांना हळूहळू आणखी उष्णतेत जगायला लावायचं आणि पिढ्यानपिढ्या ते कसे बदलतात ते पाहायचं, असं ठरवलं. मला तर आठवडाभर झोप लागेना.

पद्धत विरजणाची. कालच्या नळीतला थेंब आज ताज्या ब्रॉथमध्ये, म्हणजे त्यांच्या खाद्यात, टाकायचा. बारा नळ्या, गरम पाण्याचा बाथ, दर पंधरवड्याला अर्धा अंश वर. द्रव गढूळ झाला की जिवाणू वाढले, नितळ राहिला की संपले. आठ महिन्यांत आम्ही त्रेसष्टला पोचलो आणि तिथंच गाडी अडली. साडेत्रेसष्टला तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा सगळ्या नळ्या नितळ.

त्यात दुष्काळाचं साल. जालना रोडवर रोज नवी इमारत उठायची, टँकर आधी तिकडं वळायचे. आमच्याकडं आठवड्यातून एक. प्राचार्य म्हणाले, "प्यायला पाणी नाही आणि तुम्ही जंतूंना अंघोळ घालताय. महिनाअखेरीपर्यंत काही दिसलं नाही तर बाथ बंद."

चौथ्यांदा नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, बाराच्या बारा नितळ. "उकळून ओतून द्या आणि धुऊन ठेवा," असं सरूबाईंना सांगून मी पेपर तपासायला बसले ती तीन दिवस तिकडं फिरकलेच नाही. रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी बाथ बंद करायला गेले, तर नळ्या आतच. माझा पारा चढला.

"सरूबाई, तीन दिवसांपूर्वी सांगितलं होतं ना?"

"धुवायला पानी कुठंय मॅडम? टँकर शुक्रवारी यायचाय. साठवून एकदाच धुवायचं. घरी बी तसंच करतो आमी."

मी रागानं स्टँड उचलला आणि थबकले. आठवी नळी भाताच्या पेजेसारखी गढूळ होती.

बाहेरचं काही शिरलं असेल म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तेच आपले काडीसारखे जिवाणू. एक थेंब ताज्या ब्रॉथमध्ये घालून पुन्हा साडेत्रेसष्टला ठेवला. सकाळी ती नळीही गढूळ! लाखांत एखादा बदललेला जिवाणू तगला होता आणि त्याला वाढायला चार दिवस हवे होते. मी मात्र दर वेळी एका दिवसात सगळं ओतून देत होते. त्या सकाळी मी सरूबाईंना चक्क मिठी मारली.

प्राचार्य स्वतः पाहायला आले. नळी उजेडात धरून त्यांनी जूनपर्यंत परवानगी दिली. मी हसत म्हणाले, "सर, टँकर उशिरा आला म्हणून जमलं. नाहीतर सरूबाईंनी धुऊन टाकल्या असत्या."

सरूबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"टँकरमुळं पहिले दोन दिवस राहिल्या, ते खरंय. तिसऱ्या दिवशी ओतून तरी टाकाव्या म्हनून बघितल्या, तर आठवीत उगं धुरकट दिसलं मला. तवा मी ती मुद्दाम ठिवली."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी लई चिडलेल्या व्हत्या मॅडम. सांगितलं असतं तर बघायच्या आधीच फेकायला लावली असती."

सरूबाई खरं तेच बोलत होत्या; मी ती फेकायलाच लावली असती.