उघडा पत्रा

मलप्पा डेंटरचा राग लातूरच्या रेणापूर नाक्यावर सगळ्यांना माहीत होता. गाडीला टेकून बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधी बाजूला व्हायला लावी, मग नाव विचारी. चाळीस वर्षं पत्र्याचे पोचे काढता काढता स्वभावाचा पोचा तेवढा राहून गेला होता.

यंदा आषाढात त्याच्याकडे अहमदपूरची जुनी फियाट आली. डाळीचे व्यापारी महादेवप्पा दोन वर्षांमागे वारले, त्यांची ही गाडी. नांदेडला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, संगमेश्वरने, ती टेम्पोत घालून आणली. म्हणाला, "अप्पांनी आणली तव्हा होती तशी करा."

मलप्पाने रंग खरवडायला घेतला, तर खाली बोटभर जाड लांबी, खड्डे बुजवायची पुटी! गंज काढायचा सोडून वर्षानुवर्षं वरून नुसती लांबी फासलेली.

"गाडी हाय का शेणानं सारवलेली भिंत?" तो भिंतींना ऐकवत राहिला.

तीन आठवडे त्याने खरवडलं, घासलं. बॉनेटचा पत्रा इतका पातळ निघाला की आणखी फार घासला तर भोक पडलं असतं, आणि तसा दुसरा कुठे मिळत नव्हता. शेवटी पत्रा नव्या ताटासारखा लखलखला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायमर मारायचा होता. तोवर घामाचा हातसुद्धा चालत नाही, रात्रीत गंज धरतो. म्हणून त्याने पाटीही लावली: पत्र्याला हात लावू नये.

त्याच दुपारी मलप्पा चहा पिऊन आला, तर संगमेश्वर आईला घेऊन आलेला. पंच्याहत्तरीच्या सिद्धम्मांनी नारळ फोडला होता, आणि बॉनेटवर हळदीच्या ओल्या हाताचा अख्खा पंजा उमटवला होता.

मलप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाटी दिसत न्हाई का? तीन आठवडं मातीत घातले माझे!"

"मामा, आई हाय ती."

"कुणाची का असंना! गाडीला हात लावायचा न्हाई म्हणजे न्हाई!"

सिद्धम्मांनी हात पदराला पुसला. "पाठ हाय बाबा मला हे. छत्तीस वर्षं ह्यांनी हेच सांगितलं. दार हे उघडणार, हेच लावणार. माझ्या हाताला लई घाम येतो म्हणायचे. आज म्हटलं, आता कोण बोलणार?"

त्या जाऊन मुलाच्या गाडीत बसल्या. मलप्पाने थिनरने पंजा पुसला.

सकाळी बॉनेटवर पाच बोटं तांबूस उमटली होती. मलप्पाला त्या बोटांचा राग आला, आपल्या तोंडाचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त महादेवप्पाचा. गंजावर लांबी फासणाऱ्याचा हात गाडीला चालत होता, बायकोचा तेवढा चालत नव्हता! त्याने प्रायमरचा डबा बाजूला सारला आणि संगमेश्वरला फोन लावला.

"अम्माला घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

सिद्धम्मा भीत भीतच आत आल्या. मलप्पाने सगळ्यात बारीक पॉलिश पेपर त्यांच्या हातात कोंबला. "डाग तुमचा हाय, तुम्हीच काढायचा. हळू घासा, पत्रा पातळ हाय."

त्यांनी हात मागे घेतला. "घाम येतो रे माझ्या हाताला."

"येऊ द्या की!" मलप्पा खेकसला. "पुसायला मी हाय न्हवं."