उचलू नोका

उजवा तळहात छातीसमोर उभा धरायचा आणि आवाज न चढवता म्हणायचं, "उचलू नोका." अमरावतीत ज्यांनी ज्यांनी भाऊंना मदत करायचा प्रयत्न केला, त्या सगळ्यांनी हा हात पाहिला आहे. कदाचित तुम्हीही पाहिला असेल. हाताने पॅडल मारायची त्यांची तीनचाकी एखाद्या पायरीशी अडली, की आपल्यासारखी चार भली माणसं बाह्या सरसावून पुढे यायची आणि तो हात वर व्हायचा.

ते हार्मोनियम दुरुस्त करायचे. सगळे त्यांना पेटीवाले भाऊ म्हणत. दर्यापूरकडच्या एका खेड्यात, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात जन्म आणि लहानपणीच पोलिओ. "वावरात माहा काय उपयोग? म्हून मामानं मले पेटीच्या दुकानात बसवलं," असं ते सांगत, आणि सांगताना हसत. पुढे स्वतःचं दुकान झालं, तेही एका जिन्याखालची खोली. पेटीतला सूर, म्हणजे ती पितळी पट्टी, काढायचा, कानशीने हलकेच घासायचा, फुंकून पाहायचा, मान हलवायची, पुन्हा घासायचा. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणत, "सूर हाये तो, वांगं नाई. तोलून देता येत नाई."

मी आमच्या संगीत मंडळाचा कार्यवाह. पेशाने मास्तर, स्वभावाने तापट, आणि आपल्या हातून चूक होत नाही अशी पक्की समजूत असलेला. महिन्यातून एका रविवारी सकाळी गावातल्या एका जुन्या सभागृहात आमचा कार्यक्रम असे. मंडळाची पेटी भाऊ लावून देत. आम्ही ती बाहेर आणायचो, ते फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली तीनचाकीत बसूनच तिचे सूर जुळवायचे, मग आम्ही पेटी आत न्यायचो आणि ते बाहेर राहायचे. सभागृहाला अकरा पायऱ्या होत्या. आत पेटी वाजायची आणि तिला वाजती करणारा माणूस खिडकीखाली बसून ऐकायचा. यात काही चुकतं आहे, हे मला कित्येक वर्षं सुचलं नाही. आता लिहिताना लाज वाटते.

एकदा आम्हाला उमाळा आला. भाऊंचा सत्कार करायचं ठरलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आत कसा येऊ, सर?"

"आम्ही आहोत ना. खुर्चीसकट नेऊ."

हात वर झाला. "उचलू नोका, सर. इथी झाडाखालीच द्या नारळ."

आता वऱ्हाडात नको म्हणण्याला काय किंमत आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तरी आपण पोळी वाढतोच. नको हा शब्द आपण भिडेचा धरतो, आणि तो मानला तर आपल्यालाच कमीपणा वाटतो. त्याच आग्रहाने आम्ही भाऊंना उचललं. तीनचाकीतून एका खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्चीचे चार पाय धरले. अकरा पायऱ्या, मग मंचाच्या पाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. भाऊंनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते आणि ते खाली बघत होते. मला वाटलं, माणूस भारावला आहे.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या अंगणात जेवण होतं. वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. मी दुसऱ्यांदा भाजी घेतली हे मला अजून आठवतं. उचलणाऱ्या चौघांतला प्रत्येक जण समजून चालला होता, की दुसऱ्या कोणी भाऊंना खाली नेलं असेल. फाटकाकडे सहज गेलो तर झाडाखाली त्यांची तीनचाकी रिकामी उभी दिसली.

मी धावत आत गेलो. चौकीदाराने दिवे, पंखे बंद केले होते. पहिल्या रांगेच्या कडेला, जिथे आम्ही त्यांना मंचावरून उतरवून ठेवलं होतं, तिथेच भाऊ बसले होते. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. त्यांनी हाक मारली नव्हती. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "कोनाले तरी बलावता का, सर? बाहिर जाचं हाये. लघवीले."

त्यानंतर ते सभागृहाच्या फाटकात आले नाहीत. पेटी दुकानात पाठवली की दुरुस्त होऊन यायची, पण कडुनिंबाखाली भाऊ नसायचे. शेवटी मीच दुकानात गेलो. माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे आधी पावसावर बोललो, मग पेटीच्या भात्यावर. भाऊंनी कानस खाली ठेवली.

"सर, पेटी उचलता येते. जिथी ठेवली तिथी राहते. मी पेटी हाये काय?" मग थोडं थांबून म्हणाले, "उचलनारे आत नेतेत. पन बाहिर कवा याचं, हेबी मंग तेच ठरवतेत."

मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही सांगा काय करायचं ते."

"रस्ता करा. मी येतो माह्या हातानं. पन लवकर करा. खांदे दुखून राहिले आता."

जन्मभर पॅडल मारून त्यांचे खांदे झिजले होते. डॉक्टरांनी तीनचाकी कमी चालवायला सांगितलं होतं. म्हणजे वेळ थोडा होता, आणि इकडे सभागृहाच्या समितीला उतार बांधायला सांगणं म्हणजे म्हशीपुढे पेटी वाजवणं. कोणी म्हणे, दर्शनी भागाची शोभा जाईल. कोणी म्हणे, वर्षातून एखादा माणूस येतो, त्याला उचलू की. त्या वेळी मी जो आवाज चढवला, तो माझ्या तापट स्वभावाचा मला झालेला एकमेव उपयोग. शेवटी उतार झाला, पण पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून इतका आखूड आणि उभा, की भाऊंनी खालूनच पाहिलं आणि म्हणाले, "हा तं मोटारसायकल चढवाले हाये." त्यांनी सुतळी मागवली, पायऱ्यांची उंची मोजली आणि तिच्या बारा पट लांबी जमिनीवर खडूने आखून दिली. तो उतार फोडून दुसरा बांधण्यात आणखी एक वर्ष गेलं. आत भाऊंच्या गाडीसाठी तिसऱ्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्याही आम्ही काढून घेतल्या.

तो रविवार उजाडला. मंडपवाल्याला कळलं होतं की आज भाऊ येणार. त्याने आपणहून, एक पैसा न मागता, खालपासून वरपर्यंत उतारावर लाल कार्पेट अंथरलं. भाऊंनी पॅडल मारलं. चार हात अंतर वर गेले असतील, तेवढ्यात पुढच्या चाकाखाली कार्पेट गोळा झालं आणि गाडी रुतली. त्यांनी पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. गाडी मागे सरकायला लागली तसे आम्ही सगळे धावलो. मीसुद्धा. इतकं होऊनही माझे हात त्यांच्या काखेपर्यंत गेले होते.

भाऊंनी ब्रेक दाबला. हात वर केला.

"मले नाई. कार्पेट उचला."

मंडपवाल्याचा चेहरा पडला. त्याने आणि मी मिळून ते गुंडाळलं. मग उघड्या सिमेंटवरून भाऊ वर गेले, दोनदा दम घेत, एकटे. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बाजूला उभे राहिले.

ते आपल्या जागेवर, आपल्याच गाडीत बसले. पेटी सुरू झाली तसे डोळे मिटले. मध्यंतरात मी जवळ गेलो तर मला खाली वाकायची खूण केली आणि कानात म्हणाले, "खालचा पंचम आतमंदी लय मोठा वाजून राहिला. बाहिरून कवा समजलंच नसतं. उद्या पाठवा, घासून देतो."

कार्यक्रम संपला, लोक पांगले. मी विचारलं, "भाऊ, निघायचं?"

"बसू द्या जरा, सर. आज माह्या मनानं बसलो हाये."

मी दिवे चालू ठेवायला सांगितले आणि शेजारी बसलो.

त्यानंतर ते जेमतेम सात-आठ कार्यक्रमांना आले. मग खांद्यांनी साथ सोडली, मग छातीने. मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले.

परवा गर्दी होती, तर कोणीतरी तिसऱ्या रांगेच्या टोकाला दोन खुर्च्या आणून ठेवल्या. मी काढायला सांगितल्या. मंडळातली एक पोरगी म्हणाली, "ते तं नाई ना आता, सर. कोनासाठी ठेवाची जागा?" मी म्हणालो, "जो आपल्या हाताने येईल त्याच्यासाठी." त्या दिवशी कोणी आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी आता सगळ्यात शेवटी निघतो. चौकीदाराला थांबवतो आणि दिवे बंद होण्याआधी एकेक रांग पाहून घेतो, कोणी आत राहिलं तर नाही. तिसऱ्या रांगेशी आलो की पाय आपोआप थांबतात. तिथे कोणी नसतं हे मला माहीत असतं, तरी मी हळूच विचारतो, "भाऊ, निघायचं?" आणि जरा वेळ तिथेच बसतो.