आमची देवी आणि गाढव

मे महिन्यात मुलीला घरात कोंडून ठेवायचं म्हणजे घराचीच वाट लावून घ्यायची. म्हणून अंधेरीच्या एका संग्रहालयातल्या ‘सहकुटुंब मध्ययुगात’ नावाच्या उपक्रमात मी लेकीचं नाव घातलं. आई म्हणाली, मीही येते, बोरिवलीच्या गावठाणात पंख्याखाली वाळत पडण्यापेक्षा तुमचं ते मध्ययुग बरं, एसी तरी आहे.

लेकीने पुठ्ठ्याचं चिलखत चढवलं, मोडी लिपीत स्वतःचं नाव गिरवलं. आई खुर्चीत बसून सगळ्यांना नावं ठेवत होती. एक बाबा मुलासमोर लाकडी तलवार फिरवत होते, त्यांच्याकडे बघून म्हणाली, “हा लढतोय की भेंडी चिरतोय?”

शेवटी शिळेचे ठसे घ्यायचे होते. दोरीपलीकडे खरी जुनी शिळा, अलीकडे तिच्या वरच्या भागाची प्लास्टरची प्रतिकृती. प्रतिकृतीवर कागद धरून खडू घासला की कोरीवकाम कागदावर उमटायचं. आई सहज बघायला उठली, दोरीशी थबकली, चपला काढल्या आणि तिने हात जोडले.

“आई, अगं हे देऊळ नाही!” मी दबक्या आवाजात म्हणाले. लाज वाटत होती मला.

“आपली देवी आहे ही,” आई म्हणाली.

मी हसणार होते. पण शिळेवर वर चंद्रसूर्य होते, नारळ फोडून फोडून झिजलेला उजवा कोपरा होता, चंद्राच्या खाचेत अजून शेंदूर होता. फलकावर तर आमच्याच गावठाणाचं नाव.

ही देवी आमच्या वाडीत चिंचेखाली होती. लग्न होऊन आल्यापासून आई दर मंगळवारी तिला तेल-शेंदूर लावायची. मी व्हावी म्हणून नवस बोलली तोही हिलाच. बाबा गेल्यावर माझ्या काकांनी आईला न विचारता वाडी बिल्डरला देऊन टाकली. देवीचं काय केलंत, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाले, “वहिनी, खाडीत विधिवत विसर्जन केलं.” जमीन गेल्याचं दुःख आईने गिळलं, देवीचं काही तिला गिळता आलं नाही. त्यानंतर घरात काहीही बिघडलं की देवी कोपली, हेच. आणि ती विसर्जन झालेली देवी इथे खडखडीत कोरडी उभी होती!

पण खरा धक्का पुढेच होता. आम्ही पूजली ती वरची अर्धी शिळा. खालची अर्धी कायम जमिनीत गाडलेली असायची, ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तिथे एक बाई कोरली होती आणि एक गाढव. काय चाललंय ते लहान मुलालाही कळावं इतकं उघड. फलकावर लिहिलं होतं: गधेगाळ. राजाने दान दिलेली जमीन जो कोणी बळकावेल त्याच्या आईला गाढव लागेल, असा शाप. शाप कसला, दगडात कोरलेली शिवीच! माझे कान तापले.

“आई, चल ना, चहा घेऊ,” मी तिचा दंड धरला. एका शिवीला जन्मभर तेल लावलं हे कळलं तर ती तिथेच कोसळेल, अशी मला भीती वाटली. पण तिने हात झटकला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत अख्खा फलक वाचला.

“हे काय गं?” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की खडू घासणारी मुलं थांबली. “जमीन लाटणार लेक आणि भोगणार त्याची आई? त्या माउलीने काय घोडं मारलं होतं? माझ्या सासूबाईंनी कधी कोणाच्या कुंपणातली शेवग्याची शेंगसुद्धा तोडली नाही!”

माहिती सांगणारी मुलगी गोरीमोरी झाली. आईने तिलाच विचारलं, “ही इथे आली कशी?”

“एका काकांनी भेट दिली, आजी. आम्ही त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारपण केला होता.”

शाल! श्रीफळ! आमचे काका गणपतीत जी शाल मिरवायचे, ती हीच!

“अर्थ सांगितला होता त्यांना?” आईने विचारलं.

“नाही हो, शिळेवरचा लेख नंतर वाचला गेला.”

आईने सावकाश चपला घातल्या, माझ्याकडे मोबाइल मागितला आणि काकांना लावायला सांगितला. मी आईला भांडताना पाहिलंय, रडताना पाहिलंय. पण त्या दिवशीच्या गोड आवाजाची मला आजही धडकी भरते.

“भावोजी, देवी सापडली हो. नाही नाही, रागवू कशाला? उद्या या दर्शनाला. तिच्या पायाशी काय कोरलंय तेही इथे मराठीत लिहून ठेवलंय. मी उभी राहते शेजारी, तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा हं. सासूबाई जिथे असतील तिथे त्यांना ऐकू गेलं पाहिजे.”