सगळे कॅप्टन रामटेकेच्याच बाजूने

चौथ्या कॅप्टननंही माझ्या कानात तेच नाव सांगितलं, आणि माझं डोकं सणकलं. रामटेके. त्याच्या आधीच्या तिघांनीही रामटेकेच म्हटलं होतं. कॉलेजच्या पोरांचं चहा प्यायला कुठं जायचं यावर एकमत होत नाही, अन् इथं? मला दाल में काला दिसला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात स्पोर्ट्स टीचर होतो आणि बी डिव्हिजनच्या, म्हणजे खालच्या गटातल्या कॉलेजांच्या, फुटबॉल कमिटीचा सेक्रेटरी. दरवर्षी बेस्ट प्लेअर निवडायचा. रीत अशी, की प्रत्येक कॅप्टननं दुसऱ्या टीममधल्या खेळाडूचं नाव सेक्रेटरीच्या कानात सांगायचं. कपाचं फारसं कौतुक नव्हतं. पण बेस्ट प्लेअरला एक मिल आपल्या टीमच्या ट्रायलला बोलवायची, आणि ट्रायल म्हणजे नोकरी जवळपास पक्की.

रामटेके स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून हल्ला अडवणारा. वर्षभरात त्याचा एकही गोल नाही. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारं कोणी नाही. नोकरीची गरज होती, हे सगळ्यांना ठाऊक. मग पोरांनी दया केली, की यानं त्यांना दमात घेतलं?

कमिटीचे चेअरमन तर चिडलेच. मतं रद्द करा, म्हणाले, आणि सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला कप द्या.

मी एकेका कॅप्टनला खोलीत बोलावलं. पहिले दोघं खाली पाहत "चांगला खेळते सर" एवढंच म्हणाले. संशय आणखी वाढला. तिसरा गावंडे. त्याला दरडावलं, "काहून दिलं तुम्ही सगळ्यांनी त्यालेच?"

"सर, मिलमधे लागला तं तो कॉलेजकडून खेळणार नाही. तो मैदानात हाये तोवर आम्हाले गोल करताच येत नाही. त्याले इथून काढाचं होतं."

"म्हणजे ठरवून?"

"हो सर."

मला हसू आवरेना. तसाच चेअरमनकडे गेलो.

"म्हणजे सेटिंगच झालं की," ते म्हणाले.

"झालं साहेब. पण ज्याला घालवायला सगळे दुश्मन एक होतात, त्याच्याहून चांगला प्लेअर मी कुठून आणू?"

ते बराच वेळ कुरकुरले. शेवटी राजी झाले.

रामटेके मिलमधे लागला. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन घरी आला, तेव्हा मला फार बरं वाटलं. गावंडेची टीम पुढल्या वर्षीही हरली, ते सोडा.

कोणी कोणाचं फार कौतुक करू लागलं, की मी आजही आधी विचारतो, यात तुझा फायदा काय? फायदा निघाला, की मग विश्वास ठेवतो.