मामा आणि बावन्न नंबरचा ब्राउझर

“फोन खिशात घाला, मामा आले,” केडगाव स्टेशनसमोरच्या टपरीवर कुणीतरी हळूच म्हणालं आणि बाकावरची तिघं हसली. पण तोवर मामा हेल्मेट न काढताच आत शिरले होते, आणि तिघांत सगळ्यांत जुना फोन कुणाचा ते त्यांनी लांबूनच हेरलं होतं. “आप्पा, द्या जरा. दोन मिन्टं.” आप्पांनी निमूटपणे फोन दिला. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कुणाच्या हातात कुठला ब्राउझर आहे आणि तो कितव्या नंबरचा आहे, हे माझ्या मामांइतकं कुणालाच माहीत नाही. तो ब्राउझर बनवणाऱ्यांनासुद्धा नसावं.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि आता आमच्या शिरूरच्या छोट्या ऑफिससाठी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर कॉम्प्युटर बसवतात. जनावर आजारी पडलं की केंद्रावरून किंवा मालकाच्या फोनवरून डॉक्टरला बोलावण्याची नोंद होते, कारण डॉक्टर एक, गावं अनेक आणि त्यांचा फोन कायम गुंतलेला. त्या नोंदीची वेबसाइट आम्ही नव्याने लिहीत होतो. ती किती जुन्या ब्राउझरवर चालली पाहिजे, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ब्राउझर जितका जुना, म्हणजे त्याचा नंबर जितका लहान, तितकं आमचं काम जास्त, कारण नव्या पद्धतीने लिहिलेलं त्याला वाचता येत नाही आणि तेच पुन्हा जुन्या पद्धतीत उतरवून द्यावं लागतं. रेघ कुठे मारायची, हा ऑफिसचा प्रश्न होता. मामांनी तो घरचा करून घेतला.

त्यांच्या नोंदी लग्नपत्रिकांच्या पाठीवर असतात, आणि ज्या गावची पत्रिका त्याच गावच्या नोंदी. पारगावच्या कुणा वधूवरांच्या मागे पारगावचे अकरा फोन आणि दोन कॉम्प्युटर, नंबरांसह. या गठ्ठ्याला रबर लावून तो ते डिकीत ठेवतात. एखाद्या गावात बरेच दिवस लग्न झालं नाही तर मामा अस्वस्थ होतात. दौंडला घाटावर कुणाच्या तरी दहाव्याला गेले असताना, कावळा शिवेपर्यंत वेळ होता म्हणून त्यांनी चार पाहुण्यांचे फोन तपासले. आत्या नंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. “मोकळा येळ व्हता,” एवढंच ते म्हणाले. ब्राउझरांबद्दल बोलताना तर सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. “निर्वीचं एक्क्याऐंशी काटक हाय. पाटसचं नव्वद उगं नावाला नवं, कामाला जड.” कुणाला नवीन फोन घ्या असं मात्र ते कधीच सांगत नाहीत. “त्याचं चाललंय. आपलं चालत न्हाई, तर चूक कुणाची?”

मी त्यांच्याशी फार बोलत नाही. मी कुणाशीच बोलत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वाक्य मनात इंग्रजीत तयार होतं, त्याचं मराठी होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. मामांना याचं काही वाटत नाही. स्कूटरवर मागे बसवून ते मला फिरवतात आणि दोघांच्या वाटचं स्वतःच बोलतात.

मागच्या गुरुवारी आम्ही न्हावऱ्याला गेलो. तिथलं केंद्र शबानाताई सांभाळतात. त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे मामांचा लाडका बावन्न नंबर. महिनाभर आमची नवी साइट जुनीच्या शेजारी चाचणीसाठी सुरू होती.

“मामा, तुमची नवी साइट उघडली की नुसता पांढरा कागद दिसतोय,” शबानाताई म्हणाल्या. “रोज उघडून बघते.”

“रोज?”

“तुम्हीच सांगितलं व्हतं की.”

तेवढ्यात एक आबा म्हैस अडली म्हणून धापा टाकत आले. ताईंनी जुन्या साइटवर नोंद केली आणि थोड्या वेळात डॉक्टर निघाल्याचा निरोप आला. जुनी साइट सोमवारी बंद होणार होती.

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. कुठल्या ब्राउझरवरून किती जण येतात हे मोजणारा भाग मी लिहिला होता. त्यात न्हावऱ्याची महिनाभरात एकही नोंद नव्हती. मग लक्षात आलं. मोजणी मी नव्या साइटच्याच फाइलीत घातली होती, तीही नव्या पद्धतीने लिहून. जुना ब्राउझर ती फाइल वाचतानाच अडतो, त्यामुळे मोजणी सुरूच होत नाही. ज्यांना साइट दिसत नव्हती, ते मोजणीलाही दिसत नव्हते. परतीच्या वाटेवर मामा पावट्याच्या भावापासून बावन्न नंबरच्या तब्येतीपर्यंत सगळं बोलले. चूक माझ्या मोजणीची आहे, हे सांगायचं वाक्य मी शिरूरपर्यंत मनात इंग्रजीतून मराठीत उतरवत राहिले.

शुक्रवारी मीटिंग झाली. आमच्या ऑफिसच्या सरांनी माझ्या मोजणीचा तक्ता भिंतीवर लावला. “ऐंशीच्या खाली शून्य लोक आहेत. तिथेच रेघ मारू.”

मामांनी गठ्ठ्याचं रबर काढलं. “साहेब, माझ्याकडं ऐंशीच्या खालची सव्वीस हायेत.”

“मामा, लग्नाच्या पत्रिका बघून सॉफ्टवेअर ठरवायचं का? उद्या मुहूर्तही काढाल,” सर म्हणाले आणि बाकीचे हसले. सर वाईट नाहीत. समोर स्वच्छ शून्य दिसत असताना त्यांनी दुसरं काय म्हणावं?

मामाही थोडं हसले. त्यांनी पत्रिका सारख्या केल्या, कडा टेबलावर आपटून जुळवल्या आणि रबर पुन्हा लावलं. “बरं. तुमचं मशिन म्हणतंय तर तसं आसंल. माझंच कुठंतरी चुकलं आसंल.” मोजणी कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ‘माझं चुकलं’ कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला मला अजिबात आवडलं नाही. सर पुढच्या विषयाकडे वळत होते. माझं वाक्य या वेळी इंग्रजीत तयार झालंच नाही.

“सर, ते शून्य खोटं आहे. मोजणी मी लिहिली, आणि ती जुन्या ब्राउझरवर चालतच नाही. मामांचे सव्वीस धरा.”