टॉमचं घर

इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात मी डेरेककडे भाड्याने राहत होतो. खालच्या श्रेणीतल्या फुटबॉल संघात तो चौदा वर्षं बचावफळीत खेळला आणि पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. रविवारी आम्ही फिरायला जायचो, तेव्हा एका घराच्या फाटकाशी त्याची पावलं मंदावायची. एकदा मी विचारलंच, "कुणाचं घर?"

"टॉमचं. आम्ही शेजारी-शेजारी खेळलो. माझ्याकडून सुटलेला चेंडू तो अडवायचा. मी प्रशिक्षक झालो आणि पहिल्याच हंगामात त्याला वगळलं. समोर बसून सांगायचा धीर झाला नाही. फलकावर यादी लावली आणि निघून गेलो."

"रागावला?"

"नाही. म्हणाला, तुझ्या जागी मीही तुला काढलंच असतं. फक्त घरी येऊन सांगितलं असतं."

धिप्पाड गड्यांना अंगावर घेताना हा माणूस कधी डगमगला नव्हता, पण मित्राशी दोन वाक्यं बोलणं त्याला झेपलं नाही. मलाही काही माणसं आठवली, ज्यांना नुसतं पत्र पाठवून मी मोकळा झालो होतो.

"बेल वाजवूया का?" मी म्हटलं.

"टॉम गेल्या वर्षीच गाव सोडून गेला," डेरेक म्हणाला. "मला शेजाऱ्यांकडून कळलं."