आम्हाला कोण विचारतं

माझा नवरा मालाच्या जहाजावर इंजिनात काम करतो. नळदुर्गात हे सांगितलं की माणसं आधी विचारतात, "म्हंजे नेव्हीत?" मी म्हणते, नाही, गहू, कोळसा, खत नेणारी जहाजं असतात ना, त्यांच्यावर. मग ऐकणाऱ्याचा उत्साह जरा उतरतो. आमच्या हायवेनं सोलापूरहून हैदराबादकडं जाणारे ट्रक दिवसरात्र चालू असतात. माझ्या सासऱ्यांचं त्या ट्रकवाल्यांसाठीच टायरचं दुकान आहे. माल वाहून नेणारा माणूस आम्हाला नवीन नाही, समुद्र तेवढा नवीन.

मी फार्मासिस्ट. स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये बसते. लग्नानंतर तो पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा आम्ही फोनवर बोलायचो, म्हणजे बोलायला बघायचो. जहाजावर मिळणारं नेट पुरायचं नाही. आवाज तुटायचा, "हॅलो, हॅलो" करण्यातच सगळं संपायचं, आणि फोन ठेवल्यावर मला रडू यायचं. एकदा वैतागून मी जे बोलायचं होतं ते कागदावर लिहिलं आणि त्याचा फोटो काढून पाठवला. तो फोटो कधीतरी रात्रीतून त्याला पोचला. चार दिवसांनी त्याचंही उत्तर तसंच आलं, इंजिनच्या एका जुन्या तक्त्याच्या पाठीवर लिहिलेलं, कोपऱ्यात तेलाचा अंगठा उमटलेला.

तेव्हापासून आमच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. त्याचं अक्षर वाईट आहे, पण मी दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते, मला अडचण आली नाही. समोर बसून जे त्याला कधी बोलता यायचं नाही ते तो लिहायचा. आईची भीती वाटते म्हणून लहानपणी खोटं बोलायचो, हे त्यानं मला चिठ्ठीतच सांगितलं. लेक झाली तेव्हा तो समुद्रावर होता. तिच्या पायाच्या बोटांचं वर्णन मी दोन पानं केलं. मला वाटायचं, जवळ राहणाऱ्या नवरा-बायकोंना एकमेकांचं एवढं माहीत नसेल.

मग एका हिवाळ्यात तांबड्या समुद्रात मालाच्या जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडायला लागली. लढाई दुसऱ्यांची. पण त्या चिंचोळ्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांवर आपल्याकडची कितीतरी पोरं होती. मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर तेच बघत बसायची. त्याचं जहाज खत घेऊन तिकडूनच वर जाणार होतं. मी त्याला लिहिलं, "त्या बाजूनं जायलाच पाहिजे का? तुम्हाला नाही म्हणता येत नाही का? येत असेल तर म्हणा. घरी या. बाकीचं आपण बघू."

उत्तर आलं. "अगं, आम्हाला कोण विचारतं? जहाज जाईल तिकडं आपण. ड्रायव्हर वळला की ट्रक वळतो, टायरला कोणी विचारत नाही. तू काळजी करू नको."

मला ते टायरचं वाचून हसू आलं होतं. मी ते मामांनाही वाचून दाखवलं. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामा हसले नाहीत. "व्हय, खरंय त्याचं," एवढंच म्हणाले.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करून पूजा, मग शेंगदाण्या-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील. चुलतसासऱ्यांच्या रानात आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. जहाज ओमानच्या एका बंदरात लागलं होतं, तिथलं सिम घेतलं होतं. चित्र एकदम स्वच्छ. तो लेकीशी बोलला, ज्वारी कमरेला लागली का विचारलं, माझ्या वाटणीची भज्जी फ्रीजमध्ये ठेवा म्हणाला. मी विचारलं, "पुढं काय?" तो म्हणाला, "पुढं काय, निघायचं." आणि मग म्हणाला, "जरा मामांकडं दे." त्याच्या वडिलांना आमच्या घरात सगळेच मामा म्हणतात, तोसुद्धा.

मामा फोन घेऊन बांधाकडं गेले. बराच वेळ तिकडं उभे होते, पाठ आमच्याकडं. परत आले तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "काय म्हणतोय?" "बरा हाय," मामा म्हणाले आणि आंबिलीचा लोटा तोंडाला लावला.

त्यानंतर फोन बंद. त्या पट्ट्यातून पार होईपर्यंत कुणाशी बोलता येणार नाही, असं त्यानं आधीच कळवलं होतं. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. औषधं देताना माझा हात चुकू नये म्हणून मी प्रत्येक पाकीट दोनदा बघायची. रात्री मामा टीव्ही लावायचे आणि मी आत गेले की आवाज कमी करायचे. मला वाटायचं, किती जपतात हे मला.

मग एका सकाळी एकामागून एक फोटो पडले. पार झाल्यावर त्यानं सगळ्या चिठ्ठ्या एकदम पाठवल्या होत्या. जहाजावरचे दिवे बंद. खिडक्यांना आतून पुठ्ठे. सगळी माणसं केबिन सोडून खाली, आतल्या बोळात गाद्या टाकून, लाइफ जॅकेट घालून झोपायची. पुढं चाललेल्या एका जहाजातून धूर निघताना त्यांनी पाहिला होता. शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "तुझी ती चिठ्ठी सारखी आठवत होती, नाही म्हणा, घरी या. आमच्या हातात असतं तर आलोच असतो गं."

मी दुकानातच रडले. मालकानं पाणी दिलं. संध्याकाळी देवाला नारळ फोडला.

पौषात खंडोबाची मूर्ती अणदूरहून नळदुर्गाला आलेली असते, यात्रा भरते. यात्रेच्या दिवशी मामांनी दुकान बंद ठेवलं होतं, ते मैलारपूरला, खंडोबाच्या देवळात, गेले होते. दुपारी मेडिकलच्या काउंटरपाशी एक माणूस पिशवी घेऊन उभा राहिला. चाळिशीतला, उमरग्याकडचा. माझ्या नवऱ्याबरोबर जहाजावर फिटर होता.

"वहिनी ना तुम्ही? टायरच्या दुकानात द्या म्हणाला होता, पण दुकान बंद हाय. बाजूच्यानं इकडं पाठवलं."

पिशवीत खजूर आणि लेकीसाठी डोळे मिटणारी बाहुली होती. मी त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं, चहा मागवला. तो खाली बघत होता. मग एकदम म्हणाला, "वहिनी, मी भित्रा न्हाय. तुमच्या घरी काय बोलणं झालं असंल मला ठाऊक न्हाय. पण माझी बायको बाळंत व्हायची होती. म्हणून मी उतरलो."

"उतरलात म्हणजे? तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ना?" कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या एकाबरोबर खाऊ पाठवलाय, असं नवऱ्यानं मला कळवलं होतं.

"न्हाय की. अजून लई बाकी होतं. ओमानला कप्तानानं एकेकाला बोलावून विचारलं, पुढं यायचं का न्हाय. ज्याला न्हाय यायचं त्याला कंपनी तिकीट काढून घरी पाठवणार. जबरदस्ती न्हाय. आम्ही तिघं उतरलो."

"विचारलं होतं?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं की काहीतरी चुकलंय, पण आता मागं फिरता येत नव्हतं. "म्या त्याला म्हणलो, चल, बरोबरच उतरू. तर म्हणला, घरी फोन करतो, वडलांना विचारतो. फोन करून आला. वडील जा म्हणले, म्हणला."

चहा आला. त्यानं तो उभ्यानंच प्यायला आणि गेला. मी संध्याकाळपर्यंत दुकानात बसले. कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं, कुणी पट्टी मागितली, मी दिलं. डोक्यात सारखं तेच येत होतं. येळवशीचा दिवस. ते स्वच्छ चित्र. माझ्यासमोर त्याचा चेहरा होता, हातात फोन होता, वेळ होता, आणि त्यानं मला भज्जीचं सांगितलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी मामांना विचारलं. आत्या भांडी आवरत होत्या.

"मामा, ओमानला त्यांना विचारलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मामा म्हणाले, "कोण सांगितलं?"

"ठाऊक होतं का नव्हतं?"

"होतं."

"आणि तुम्ही जा म्हणालात."

"त्यानं जायचं ठरवूनच फोन केलता. म्या न्हाय म्हणलो असतो तरी गेला असता. चारचौघांत मागं सरायचं म्हंजे गड्याला लई जड जातं, पोरी. तुला सांगून काय झालं असतं? तू रोज मेली असतीस."

"मी रोज मेलेच की, मामा."

आत्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या मामांकडं बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि पुढं कितीतरी दिवस त्या मामांना ताट वाढायच्या पण समोर बसायच्या नाहीत.

नवऱ्याचं जहाज तिकडं माल उतरवत होतं आणि त्याच वाटेनं परत येणार होतं. तेव्हा परत विचारणार, हे मला आता ठाऊक होतं. मी रागानं चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि फाडल्या. शेवटी एक साधी लिहिली. लेकीचा खोकला, यात्रेतली गर्दी, बाहुली मिळाली. आणि खाली, सहज विचारल्यासारखं, "परत येताना या वेळी तरी विचारतील का हो, यायचं का नाही म्हणून?"

मी त्याला दार उघडून दिलं होतं. मला वाटत होतं, तो आत येईल. लिहील, मागच्या वेळीही विचारलं होतं, तुला सांगितलं नाही, चुकलं. तसं त्यानं लिहिलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथं माफ करून टाकलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगते.

तीन दिवसांनी फोटो आला. "वेडी आहेस. इथं कोण विचारतंय. निघतोय उद्या. हस जरा."

पहिल्यांदा खोटं बोलला तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. या वेळी मी ते खोटं समोर धरून वाचत होते, त्याच ओळखीच्या वेड्यावाकड्या अक्षरात. आणि मला त्याला काही म्हणता येत नव्हतं. उद्या जो माणूस आगीतून जाणार, त्याला आज कसं लिहायचं की मला सगळं कळलंय? खाली इंजिनात त्याचा हात चुकला तर? मी पेन घेतलं आणि लिहिलं, "हसले. सांभाळून या. लेक बाहुलीला तुमचं नाव सांगते." लेक असं काही सांगत नव्हती. आमच्या चिठ्ठ्यांत मी लिहिलेलं ते पहिलं खोटं.

तो सुखरूप पार झाला. उन्हाळ्यात घरी आला. सोलापूर स्टेशनवर मी लेकीला घेऊन गेले, कारण नाही गेले असते तर तिला काय सांगणार होते? तो वाळला होता. लेकीला खांद्यावर घेऊन माझ्याकडं बघून हसला, आणि मी त्याची बॅग उचलली.

दोन दिवस घरात पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, लेक झोपल्यावर, मी म्हणाले, "तुम्हाला विचारलं होतं."

तो पंख्याखाली आडवा पडला होता. "फिटरनं सांगितलं?"

मामांनी जे विचारलं होतं तेच. कोण बोललं, याचीच दोघांना आधी काळजी.

"मला का सांगितलं नाही?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मला जाता आलं नसतं."

"खरं सांगा."

तो उठून बसला. "गेलो असतो," तो म्हणाला. "तरीबी गेलो असतो. त्या तिघांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. इंजिनात सगळे बघत होते. आणि घरी येऊन परत टायर काढत बसायचं… तुझं ऐकून न ऐकल्यासारखं करून गेलो असतो तर तुझ्या लक्षात राहिलं असतं. म्हणून म्हटलं, विचारलंच नाही असं सांगावं. तुला त्रास कमी."

"आणि दुसऱ्यांदा? मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा एकदा सांगून बसलो होतो ना."

मी त्याला ओरडले नाही. ओरडायला मला माहेरीसुद्धा कुणी शिकवलं नाही. मी म्हणाले, "समुद्रात गेलात त्याचं मला काही नाही. मी तुम्हाला नको म्हणाले असते, आणि तुम्ही गेला असता, आणि मी वाट बघितली असती. ते माझं होतं. ते तुम्ही मामांना दिलंत."

त्याला ते कळलं की नाही मला सांगता येत नाही. तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तो माझा नवरा आहे आणि खरोखरच मरणातून आला होता. पण माझा हात नुसता ठेवलेला होता.

पावसाळ्यानंतर तो परत जहाजावर गेला. आम्ही वेगळे झालो नाही, तसा विचारही झाला नाही. मामांना मी जेवायला वाढते, ते "पोरी" म्हणतात, मी "व्हय मामा" म्हणते. हल्लीच्या जहाजांवर नेट बरं असतं, रोज फोन होतो. तो अजून अधूनमधून कागदावर लिहून पाठवतो आणि तूही लिही म्हणतो. मी फोनवरच बोलते. कागद पुढं घेतला की मला काय लिहावं सुचत नाही.

त्याच्या चिठ्ठ्या मी वाचते. जेवण चांगलं होतं, असं तो लिहितो, आणि मी थांबते. होतं का? माझी आठवण आली, असं लिहितो. मी पुढची ओळ वाचते.

मध्यंतरी कुणीतरी मला दाखवलं, मोबाइलवर जहाजाचं नाव टाकलं की ते नकाशावर कुठं आहे ते दिसतं. परवा तो फोनवर म्हणाला, ब्राझीलला चाललोय, साखर भरायला, इकडं सगळं शांत आहे. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि जहाजाचं नाव टाकलं. ते ब्राझीलकडंच चाललं होतं. मोकळ्या निळ्या पाण्यात, सांगितलं तसंच. मी थोडा वेळ ते बघत राहिले आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून मोबाइल बाजूला ठेवला.